कोरी बशी

"डोळा माझा सुजलाय आणि कोपर तुमचं माझ्या बरगडीत. जरा नीट उभ्या राहा की हो!"

माझ्या मानेशी कुणीतरी पुटपुटलं. वळून पाहिलं तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेली दहीवाली. तिचा एक डोळा लालभडक होता, त्यामुळे वटारायला एकच शिल्लक होता. पण तेवढा पुरेसा होता.

"मी काय करू? मला पुढून ढकलतात," मी म्हटलं.

"मग तुम्हीही पुढच्यांना ढकला. उलट्या दिशेला कशाला?"

रांग बंद पडलेल्या मोटार गॅरेजच्या आतून सुरू होऊन, दारातून बाहेर पडून, कोपऱ्यावरच्या लाँड्रीपर्यंत गेली होती. जिथे पूर्वी टायर ठेवायचे त्या लोखंडी मांडण्यांवर आता बशा होत्या. प्रत्येक बशीवर दुसरी बशी पालथी घातलेली आणि त्यावर खडूने लिहिलेला आकडा. शंभरावर बशा सहज असतील. चहाचा कप मात्र एकही नव्हता.

हा बशीबाबाचा दरबार.

माझ्या पुढे माझी नणंद उभी होती. तिला घरात आम्ही किल्ली म्हणतो, कारण ती किल्ल्या बनवते. सासऱ्यांच्या मागे दुकान तिनेच सांभाळलं. कुलूप कानाशी धरते, आतल्या खिट्ट्या ऐकते आणि कानशीने पितळ घासत खाचेला खाच जुळवते. आठवड्यापूर्वी पितळेचा एक कीस उडून तिच्या उजव्या डोळ्यात गेला. कीस निघाला, पण डोळा लाल झाला, मग जड झाला, आणि आता बुबुळाच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसत होता. एका डोळ्याने दार उघडता येतं. किल्ली बनवता येत नाही.

आता माझं सांगते. मी डोळ्यांच्या इस्पितळातल्या प्रयोगशाळेत काम करते. डॉक्टर नाही, नर्सही नाही. बाटल्या धुवायला लागले होते. बाटल्यांवरची लेबलं वाचता वाचता अक्षरं ओळखीची झाली, मग तिथल्या डॉक्टरबाईंची रद्दीत निघालेली पुस्तकं वाचली, आणि गेली अठरा वर्षं मी जंतूंचा स्वयंपाक करते. म्हणजे खळीसारखी एक जेली शिजवून काचेच्या चपट्या थाळ्यांत ओतते. आजारी डोळ्यातले जंतू त्या थाळीवर बसतात, जेवतात, वाढतात, आणि मग पकडले जातात. घरात माझ्या हातचं कुणी फारसं वाखाणत नाही. जंतूंची कधी तक्रार आली नाही.

अशी मी त्या गुरुवारी बशीबाबाच्या रांगेत डोक्यावरून स्कार्फ ओढून उभी होते. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. तर मागे दहीवाली.

"पुढची बशी!" बाबा गरजले. पांढरा डगला, तेल लावून चापून बसवलेले केस आणि आवाज असा की समोरच्याला आपण बहिरे आहोत असं वाटावं. "डोळा म्हणजे खिडकी! खिडकीतून ऊन येतं, वारा येतो, आणि शेजारणीची नजरही येते! तुम्ही म्हणता, बाबा, डोळा दुखतो. मी म्हणतो, डोळा दुखत नाही, डोळ्यात दुसऱ्याचा डोळा दुखतो!"

"वा!" रांगेतून कुणीतरी म्हणालं. अर्थ कळला नाही की माणसं वा म्हणतातच.

पद्धत अशी होती. बाबांच्या डाव्या हाताला मातीचं मडकं, उजव्या हाताला किटली. कापसाची वात मडक्यातल्या पाण्यात भिजवायची. त्या पाण्याचं नाव नितळपाणी. वात डोळ्यावरून फिरवायची, मग बशीतल्या शिजवलेल्या भातावर टेकवायची आणि बशी झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी झाकण काढायचं. असं तीन दिवस, रोज नवी बशी. वरून नितळपाण्याची बाटली घरी न्यायची, दिवसातून चार वेळा डोळ्यात घालायला.

"एकसष्ट नंबर!"

तो किल्लीचा. बाबांनी वरची बशी उचलली आणि गॅरेजभर "आई गं!" झालं. पांढऱ्या भातावर रक्ताचे थेंब. अगदी ताजे, ओले, चमकणारे.

"बघा! मुलीच्या डोळ्यातून निघालेली नजर! रक्ताळलेली नजर! बाई, तुमच्या दुकानात कुणी रोखून बघतं का?"

"किल्ली बनत असताना सगळेच रोखून बघतात," किल्ली म्हणाली.

"तेच ते!"

मला राहवलं नाही. "बाबा, एक विचारू? कुणाच्याच डोळ्याला न लावलेली वात ठेवून एक बशी कराल का? ती पांढरी राहते का, तेवढंच बघायचं होतं."

बाबांनी मला नखशिखांत न्याहाळलं. "ज्याचा डोळा नाही त्याची बशी? ती कशाला, जेवायला?"

गॅरेज हसलं. दहीवाली तर माझ्या बरगडीत कोपर मारून हसली, हिशेब फिटला. मी स्कार्फ आणखी पुढे ओढला. पण एक गोष्ट बघून ठेवली. तिसऱ्या दिवशीचे जे लोक होते, ज्यांची बशी उद्या पांढरी निघून 'नजर उतरली' म्हणून जाहीर व्हायची होती, त्यांची वात बाबा मडक्यात बुडवत नव्हते. ती किटलीत बुडत होती. आणि किटलीतून वाफ येत होती.

बाहेर आल्यावर मी किल्लीचा हात धरला. "ताबडतोब इस्पितळात चल."

"वहिनी, तुझं पुन्हा सुरू झालं."

"एकदा चल. डोळ्यातली खरवड घेऊ दे. माझ्या थाळीवर काही उगवलं नाही तर जन्मात तुला टोकणार नाही."

जन्मात न टोकण्याची लालूच मोठी होती. ती आली.

डोळ्याच्या डॉक्टरांनी बधिर करणारे थेंब घातले आणि बारीक पात्याने ठिपक्याच्या कडेची खरवड घेतली. थोडी काचपट्टीवर, बाकीची माझ्या तीन थाळ्यांवर. एक रक्त घातलेली, एक साधी, आणि एक जिला चॉकलेट थाळी म्हणतात. तिच्यात चॉकलेटचा कणही नसतो, रक्तच तापवून तो रंग येतो. हे मी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं म्हणून वाचले.

खरवड थाळीवर वाटेल तशी फासत नाहीत. नखाच्या कोरीएवढ्या वाकड्या रेघा ओळीने काढतात. उगवलेलं त्या रेघांवर असेल तर ते डोळ्यातलं. रेघा सोडून कुठेतरी असेल तर ते हवेतलं, नाहीतर माझ्या शिंकेतलं. आणि थाळ्यांच्या प्रत्येक खेपेतली एक थाळी आम्ही कोरी ठेवतो. तिला कुणाचाच डोळा दाखवायचा नाही. तिच्यावर काही उगवलं तर दोष रोग्याचा नाही, स्वयंपाकिणीचा.

काचपट्टी डॉक्टरबाईंनी रंगवली. आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग स्पिरिटने धुणं, शेवटी लाल रंग. काही जंतूंना जांभळा असा चिकटतो की धुतला तरी जात नाही. काहींचा धुऊन जातो आणि मग त्यांच्यावर लाल चढतो. जंतूंची ही दोन मोठी घराणी. कुठलं औषध लागू पडेल याचा पहिला अंदाज घराण्यावरून येतो.

"या इकडे, बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

भिंगाखाली लालसर, बारीक, आखूड काड्या. काड्यापेटी सांडल्यासारख्या.

"वहिनी, ह्या माझ्या डोळ्यात होत्या?" किल्लीने विचारलं.

"अजून आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांना गोड बोलायचा कंटाळा आहे. "ही बाटली घ्या. तासातासाला थेंब. थाळीचा निकाल आला की औषध बदलायचं की नाही ते ठरवू. आणि दुसरं काही डोळ्यात घालत असाल तर बंद."

किल्लीने बाटली घेतली. नितळपाण्याची बाटली मात्र मी तिच्या पिशवीतून हळूच काढून माझ्या खिशात टाकली. तिच्याकडे दुसरी होती, हे मला ठाऊक नव्हतं.

या सगळ्या गडबडीत माझ्या हातून एक चूक झाली. थाळ्या उबदार कपाटात ठेवायच्या असतात, अंगाला ताप नसताना जेवढी ऊब असते तेवढ्या उबेत. किल्लीशी वाद घालता घालता मी दोन ठेवल्या आणि साधी थाळी खिडकीजवळच्या ओट्यावर विसरले. अठरा वर्षांत पहिल्यांदा. निदान डॉक्टरबाईंना कळलेली पहिली.

शुक्रवारी कपाटातल्या दोन्ही थाळ्यांवर रेघांच्या बरोब्बर वर फिकट ठिपके उगवले. डॉक्टरबाईंनी त्यातला कण नव्या थाळीवर पसरवून त्यावर औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवल्या. ज्या टिकलीभोवती जंतू फिरकत नाहीत, स्वच्छ गोल रिंगण राहतं, ते औषध खरं.

शनिवारी सकाळी मी आत पाऊल टाकलं तोच आवाज आला. "ही थाळी बाहेर कुणी ठेवली?"

मी ओट्याकडे पाहिलं.

"आणि हे काय शिजवलंत तुम्ही? बीट?"

ओट्यावरच्या विसरलेल्या थाळीवर लाल ठिपके होते. ताजे, ओले, चमकणारे. मला गॅरेज दिसलं, भात दिसला, एकसष्ट नंबर दिसला.

"बाहेरचं काहीतरी पडलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फेकून द्या."

"बाहेरचं नाही, बाई. जरा रेघा बघा."

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. लाल ठिपके नखाच्या कोरींवर बसले होते, ओळीने, शाळेतल्या मुलांसारखे. रेघेबाहेर एकही नाही. त्याच खेपेची कोरी थाळी काढली. ती आरशासारखी स्वच्छ.

डॉक्टरबाईंनी कपाटातली एक थाळी काढून लाल थाळीशेजारी ठेवली. मग म्हणाल्या, "हा एक खोडकर जंतू आहे. साध्या हवेत ठेवला तर लाल रंग करतो, उबेत ठेवला तर बहुतेक वेळा विसरतो. कपाटातले फिकट आणि हे लाल, एकच. तुमची चूक झाली नसती तर हा रंग दिसलाच नसता." आणि लगेच, "म्हणून रोज करू नका."

मी खिशातून बाटली काढली आणि सगळं सांगितलं. स्कार्फसकट. त्यांनी बाटलीतला थेंब नव्या थाळीवर टाकला आणि ती मुद्दाम ओट्यावर ठेवली. टिकल्यांच्या थाळीवर एका टिकलीभोवती अंगठीएवढं सुंदर रिंगण होतं. ते औषध त्यांनी लिहून दिलं. "आधीच्या औषधाने ठिपका थोडा तरी आटला असेल. हे आजच सुरू करा. ठिपका बुबुळाच्या मधोमध सरकला तर डोळा राहील, नजर राहणार नाही."

"मी ही लाल थाळी घरी नेऊन तिला दाखवू?"

"थाळी या दारातून बाहेर जाणार नाही. इथले नियम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत."

ते खरंच होतं.

दुकानात किल्ली एका डोळ्याने काउंटर पुसत होती. मी कुलपांचा खण उघडला, नवी बाटली ठेवायला. आत गुरुवारची बाटली होती. सील न फोडलेली.

"तू एकही थेंब घातला नाहीस?"

"बाबांचं पाणी घालतेय ना."

"अगं, त्या पाण्यातच तो जंतू आहे! पितळेच्या किसाने ओरखडा पडला आणि त्यावर तू रोज चार वेळा—"

"पाणी वाईट असूच शकत नाही!"

तिने पुसायचं फडकं आपटलं. टांगलेल्या किल्ल्या किणकिणल्या. एवढा राग मला समजेना, आणि मग एकदम समजला.

दुकानाच्या मागच्या खोलीत सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांचा डावा डोळा काचेचा आहे. इतका बेमालूम की नवा माणूस ओळखत नाही. बावीस वर्षांपूर्वी तो डोळा गेला. कसा, असं कुणी विचारलं की घरातलं उत्तर ठरलेलं: तेव्हा साथ होती. माझा नवरा तेच सांगतो, मीही तेच सांगते. साथ होती हे खोटं नाही. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे डोळे आले होते आणि आठवड्यात आपोआप बरेही झाले. पण तेव्हा याच गॅरेजमागच्या गल्लीत या बाबाचा काका बसायचा, आणि त्याच्याकडेही बशा होत्या. पाण्याची बाटली घेऊन कोण आलं होतं, आणि आईचं डोकं मांडीवर घेऊन थेंब कोण घालत होतं, हे मी पाहिलं होतं. मी घरात नवी सून होते. मी गप्प बसले. मग गप्प बसण्याचीच सवय झाली, सगळ्यांना.

चौदा वर्षांच्या मुलीला ते कसं सांगायचं? आणि छत्तीस वर्षांच्या बाईला तरी कसं?

"मी बाबांना माझा डोळा दाखवून येते," सासूबाई आतून म्हणाल्या. निवडलेली भाजी बाजूला सारून त्या उठल्या.

"आई, तुला काय झालंय?" किल्लीने विचारलं.

"डावा डोळा जड वाटतोय."

आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"आई, डावा तर—"

"गप्प. माझा डोळा, माझी बशी. किल्ले, तू चल. सूनबाई, तूही चल, तुझं ते पदरासारखं फडकं घेऊन. आणि एवढं कबूल कर, माझ्या बशीचा निकाल लागेपर्यंत तू त्याचं पाणी घालायचं नाहीस."

"नाही घालत. पण वहिनीचं औषधही नाही," किल्ली म्हणाली.

एक दिवस. मी मनातल्या मनात ठिपका मोजला आणि मान हलवली.

बाबांनी सासूबाईंचा डावा डोळा दोन बोटांनी फाकवला, आत टक लावून पाहिलं आणि दचकले. म्हणजे दचकल्यासारखं केलं.

"बाई, किती वर्षं सहन करताय?"

"बावीस," सासूबाई म्हणाल्या.

"मी सांगतो ना! जुनी नजर! मुरलेली नजर! डोळा कसा थिजलाय बघा, पापणी हलते पण बुबुळ हलत नाही!"

"हुशार आहात हो," सासूबाई म्हणाल्या.

मडक्यात बुडवलेली वात काचेवरून फिरली आणि भातावर टेकली. चौऱ्याण्णव नंबर. परत येताना मी किल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. ती हसू दाबतेय की रडू, ते उमगलं नाही.

घरी आल्यावर मी एक वाटी भात शिजवला आणि गरम असतानाच दोन बशांत वाढला. निवाल्यावर एकावर बाबांच्या बाटलीतले चार थेंब, दुसऱ्यावर उकळून निववलेल्या पाण्याचे चार. दोन्हींवर झाकणं. दोन्हींना कुणाचाच डोळा दाखवला नाही. काउंटरवर किल्लीच्या समोर ठेवल्या आणि म्हटलं, "तूच राखण कर. मला हात लावू देऊ नकोस."

तिने झाकणांवर दोन मोठी कुलपं ठेवली. सवयीनेच.

रविवारी सकाळी मी आधी प्रयोगशाळेत डोकावले. बाटलीतल्या थेंबाची थाळी लाल होती. डॉक्टरबाई पर्स उचलून म्हणाल्या, "चला. डोळे तपासायची बॅटरी घेतलीय. त्या रांगेत कितीजणांची बुबुळं पांढरी पडलीत कुणास ठाऊक."

गॅरेज खचाखच भरलं होतं. दहीवालीची आज पांढऱ्या बशीची पाळी, म्हणून ती पहिल्या रांगेत. सासूबाई नवी साडी नेसून आल्या होत्या. बशा आम्ही पिशवीत आणल्या होत्या, कुलपांसकट.

"चौऱ्याण्णव नंबर!"

झाकण उघडलं. भात लालच लाल.

"बावीस वर्षांची नजर!" बाबांचा आवाज छताला लागला. "एवढं रक्त मी या हाताने कधी काढलं नव्हतं! हा डोळा शेजारणीने नाही, रक्ताच्या नात्यातल्या माणसाने बघितलाय!"

किल्ली पांढरीफटक पडली. ते मी पाहिलं, आणि सासूबाईंनीही पाहिलं.

"असं होय?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मान खाली घातली, दोन बोटांनी काहीतरी केलं, आणि मुठीतली वस्तू बाबांच्या टेबलावर ठेवली. वस्तू घरंगळली आणि बशीला अडून बाबांकडे बघत राहिली.

पुढच्या दोन रांगा मागच्या दोन रांगांवर पडल्या.

"काच आहे हो ती," सासूबाई म्हणाल्या. "रोज साबणाने धुते. ज्याचा डोळा नाही त्याची बशी लागली ना शेवटी? सुनेने मागितली तेव्हा हसलात."

हशा उसळला. पण बाबा कच्चे नव्हते. घाम पुसून त्यांनी दोन्ही हात वर केले. "शांत! शांत! काच आहे म्हणूनच! नजर लागली की आधी काय तडकतं? काच! आरसा तडकतो, दिवा तडकतो! काचेला नजर सगळ्यात जास्त लागते!"

हसणारे थांबले. काहींनी मानाही डोलावल्या. हजरजबाबीपणाचं बक्षीस असतं तर ते मीच त्यांना दिलं असतं.

मी पुढे झाले. स्कार्फ काढला. किल्लीला म्हटलं, "तुझी कुलपं तू काढ."

तिने काढली. झाकणं उचलली. एक बशी पांढरीशुभ्र, दुसरी लाल.

"ह्या दोन्ही बशा कुणाच्या डोळ्याला लागल्या नाहीत," मी म्हटलं. "ना माणसाच्या, ना काचेच्या. एकाच पातेल्यातला भात. एकावर उकळलेलं पाणी, एकावर बाबांचं नितळपाणी. रात्रभर हिच्या समोर होत्या. आता सांगा बाबा, ही नजर कुणाची? बशीची?"

बाबांनी लाल बशीवर घाईने झाकण घातलं.

"मग माझी बशी आज पांढरी निघणार होती ती कशी?" दहीवालीने विचारलं.

"काल तुमची वात कशात बुडवली?"

"किटलीत." ती थबकली. मग टेबलाला वळसा घालून तिने मडक्यात सरळ हात घातला. आतून दोरा बांधलेली फडक्याची पुरचुंडी निघाली. सोडली तर आत लाल, चिकट, शिळा भात. तिने वास घेतला आणि तिचा चांगला डोळा एवढा मोठा झाला की दुसऱ्याचीही कसर भरून निघाली.

"अहो, हे तर विरजण! मी रोज लावते! कालच्यातलं थोडं आजच्यात घालायचं, आजच्यातलं उद्याच्यात! काकाने पुतण्याला मठ नाही दिला, विरजण दिलं!"

"आणि विरजण उकळत्या पाण्यात मरतं," मी म्हटलं. "म्हणून किटलीची बशी पांढरी."

"माझ्या दह्याला कधी कुणी पाया पडलं नाही," दहीवाली पुटपुटली. तिला खरंच वाईट वाटलं होतं.

बाबा मागच्या दाराकडे सरकले, तर तिथे डॉक्टरबाई बॅटरी घेऊन उभ्या. "तुम्ही बसा. आरोग्य खात्याची माणसं येतायत. मडक्याला कुणी हात लावू नका, आणि तुम्ही, दहीवाल्या बाई, हात साबणाने धुवा, दोनदा. ज्यांचा डोळा लाल आहे त्यांनी इकडे रांग लावा. ज्यांच्या बुबुळावर पांढरा ठिपका आहे किंवा ज्यांना उजेड सहन होत नाही, त्यांनी आधी."

"पण बाबांकडे माझा डोळा बरा झाला होता," मागून एक म्हातारे म्हणाले. रागाने नाही, कळवळून.

"झाला असेल, काका," मी म्हटलं. "बरेचसे लाल डोळे चार-आठ दिवसांत आपले आपण बरे होतात. डोळा बरा झाला तुमच्या अंगच्या जोराने, श्रेय घेतलं बशीने. ज्यांचा बरा होत नाही ते पुन्हा इथे येऊन सांगत नाहीत. ते घरी बसतात आणि म्हणतात, साथ होती."

हे तोंडातून गेल्यावर मला कळलं की मी काय बोलले.

मला भाषण येत नाही. पण त्या दिवशी शंभर माणसं ऐकत होती, म्हणून एवढंच सांगितलं, आणि वाचणाऱ्यालाही तेच सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर भांडू नका, शिव्या देऊ नका. एक कोरी बशी मागा. जिला कुणाचा डोळा लागला नाही, कुणाचा हात लागला नाही, ती बशी काय सांगते ते बघा. खरं काम करणारा माणूस ती स्वतःहून ठेवतो. मी अठरा वर्षं ठेवतेय, आणि ती बहुतेक वेळा बाकी कुणाची नाही, माझीच चूक दाखवते. जो कोरी बशी द्यायला नाही म्हणतो, त्याच्याकडे डोळा देऊ नका.

माणसं हळूहळू दुसऱ्या रांगेत गेली. तिथेही ढकलाढकल झाली. दहीवालीचा आवाज सगळ्यांत वर होता.

सासूबाईंनी काचेचा डोळा डॉक्टरबाईंकडून धुऊन घेतला, रुमालात बांधला आणि टायरच्या रिकाम्या मांडणीजवळच्या बाकावर बसल्या. किल्ली त्यांच्यासमोर उभी होती. तिच्या हातात नवी बाटली होती आणि ती हातातच फिरत होती.

"दे इकडे," सासूबाई म्हणाल्या. "बस. डोकं ठेव मांडीवर."

किल्लीने सील फोडलं. खट्कन आवाज झाला. बाटली आईला देऊन ती बसली, मान मागे टाकून डोकं मांडीवर ठेवलं, आणि आईच्या त्या मिटलेल्या, रिकाम्या पापणीकडे खालून बघत राहिली. मी मान फिरवणार होते. बावीस वर्षं फिरवत आले. या वेळी नाही फिरवली.

"आई," किल्ली म्हणाली, "साथ नव्हती गं. तुझा डोळा मी घालवला. याच पाण्याने, असंच मांडीवर घेऊन."

सासूबाईंनी बाटली उजेडात धरून थेंब कुठून येतो ते एका डोळ्याने नीट पाहिलं.

"पाणी त्याचं होतं," त्या म्हणाल्या. "हात तुझा होता, आणि तो रात्रंदिवस माझ्या कपाळावर होता. दोन्ही मला ठाऊक आहे. आता वर बघ."